पाचपाखाडीतला संगणकीकृत पशुदवाखाना: नोंदी उत्तम, देवाणघेवाण कच्ची

ठाण्यात पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यांची आता वानवा राहिलेली नाही. नौपाड्यापासून घोडबंदर रस्त्याच्या टोकापर्यंत कुठेही गेलात तरी एखादी पाटी दिसतेच, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी काउंटरवर संगणकही असतो. मात्र त्याचा उपयोग बिल छापण्यापलीकडे फारसा होत नाही. पाचपाखाडीतला हा दवाखाना त्याला अपवाद आहे. पुढे एक तक्रारही मांडायची असल्यामुळे त्याचे नाव देणे मी टाळतो.

येथे प्राण्याला डॉक्टरांपुढे नेण्यापूर्वी वजन केले जाते आणि तो आकडा तिथल्या तिथे त्याच्या फाइलमध्ये चढवला जातो. आमचा भुऱ्या हा अकरा वर्षांचा गावठी कुत्रा. अंगावर दाट केस असल्यामुळे त्याचे घटलेले वजन आम्हा घरच्यांच्या डोळ्यांत भरले नव्हते, पण पडद्यावरच्या आलेखात ती रेघ हळूहळू खाली उतरताना स्पष्ट दिसत होती. डॉक्टरांनी लगेच जुने रक्ताचे अहवाल शेजारी उघडले. मूत्रपिंडाचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे क्रिएटिनिन आधी ०.९ होते, ते १.३ झाले होते. दोन्ही आकडे सामान्य मर्यादेत बसणारे असल्यामुळे सुटा कागद पाहणाऱ्या कोणीही ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असेच सांगितले असते. परंतु मूत्रपिंडाचे साधारण तीन चतुर्थांश काम थांबेपर्यंत क्रिएटिनिन मर्यादा ओलांडत नाही, त्यामुळे मर्यादेच्या आत झालेली वाढही दुर्लक्षण्यासारखी नसते, हे त्यांनी समजावून सांगितले आणि लघवीची तपासणी व एसडीएमए ही अधिक लवकर इशारा देणारी रक्ततपासणी करवून घेतली. माझ्या मते या दवाखान्यातली सर्वांत मोलाची गोष्ट कोणतेही यंत्र नसून ही सलग नोंद आहे. प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेल्या केसपेपरांतून हे कोणाच्याही लक्षात आले नसते.

रक्ततपासणीचे यंत्र दवाखान्यातच असल्यामुळे अहवाल थोड्याच वेळात मिळतो, पण येथील डॉक्टर यंत्रावर डोळे मिटून विश्वास ठेवत नाहीत, हे विशेष. येऊरच्या बाजूला फिरायला नेल्यावर, विशेषतः पावसाळ्याच्या आगेमागे, गोचीड अंगावर येतातच. त्यामुळे भुऱ्या मलूल दिसताच गोचीडतापाची शंका आली. या तापात प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, घटतात, आणि यंत्राने त्या साठ हजार दाखवल्या. कुत्र्यात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात, तेव्हा आमचा जीव टांगणीला लागला. डॉक्टरांनी मात्र औषध लिहिण्याआधी काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि मलाही पाहू दिला. प्लेटलेट्सच्या गुठळ्या झाल्या होत्या. गुठळीतल्या पेशी यंत्राला सुट्या मोजता येत नाहीत, म्हणून आकडा खोटा कमी आला होता. मांजरांच्या बाबतीत ही अडचण अधिकच येते, कारण त्यांच्या प्लेटलेट्स आकाराने मोठ्या असून काही यंत्रे त्या लाल पेशींमध्ये धरतात. माणसांच्या प्रयोगशाळेत पाठवलेल्या नमुन्यांचे अहवाल म्हणूनच जपून वाचावे लागतात.

एक्स-रे डिजिटल आहे. फिल्म धुण्याची भानगड नसून चित्र काही सेकंदांत पडद्यावर येते. भुऱ्याच्या खोकल्यासाठी हृदयाचा आकार पाहायचा होता. हृदयाची लांबी आणि रुंदी पाठीच्या मणक्यांच्या मापात मोजण्याची एक पद्धत १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली होती. त्या मापाने कुत्र्यांची सरासरी सुमारे ९.७ मणके येते. पूर्वी फिल्मवर पट्टी ठेवून करायचे हे मोजमाप डॉक्टरांनी पडद्यावर दोन रेघा ओढून केले.

माझी तक्रार येथूनच सुरू होते. दुसरे मत घेण्यासाठी मुंबईत परळच्या पशुरुग्णालयात जायचे ठरले, तेव्हा आम्हांला मिळाला तो पडद्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर. तेथील डॉक्टरांना त्यावरून ना उजळपणा कमीजास्त करून फुप्फुसे नीट पाहता आली, ना मापे घेता आली, आणि एक्स-रे पुन्हा काढावा लागला. वैद्यकीय चित्रांसाठी डायकॉम हा सर्वमान्य प्रकार आहे; त्या स्वरूपातली मूळ फाइल पेनड्राइव्हवर दिली असती तर म्हाताऱ्या कुत्र्याला पुन्हा टेबलावर आडवे पाडण्याची वेळ आली नसती. ‘सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय नाही’ हे काउंटरवरचे उत्तर मला पटलेले नाही. इतका पैसा ओतून उभारलेली माहिती त्या चार भिंतींबाहेर पडत नसेल, तर रुग्णाला तिचा अर्धाच लाभ मिळतो.

प्राण्याच्या ओळखीसाठी चिप बसवण्याची सोय आहे. ती चामडीखाली सुईने बसते आणि तिच्यात केवळ १५ अंकी क्रमांक असतो. तिच्यावरून हरवलेला कुत्रा नकाशावर शोधता येईल, हा गैरसमज येथील मदतनीस आधीच दूर करतात. क्रमांक कोणत्या नोंदवहीत आणि कोणत्या फोन नंबरासह चढवला जाणार आहे, हे मात्र आपणच विचारून घ्यावे. परदेशी जाणाऱ्यांनी चिप आधी आणि रेबीजची लस नंतर, हा क्रम पाळावा. युरोपीय देश तसा आग्रह धरतात.

लसीची आठवण करून देणारे संदेश वेळेवर येतात. शेजारच्या वहिनींना मात्र मांजर गेल्यानंतरही तिच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आल्या. फाइलमध्ये एक खूण करण्याचेच ते काम होते, आणि ते राहून गेले.

तपासणीची फी आसपासच्या दवाखान्यांपेक्षा थोडी चढी आहे. बिलात प्रत्येक तपासणी स्वतंत्र लिहिलेली असते, आणि त्या काचपट्टीचे वेगळे पैसे लावलेले नव्हते. शनिवारी संध्याकाळी गर्दी फार असते. शक्य असल्यास आठवड्याच्या मधल्या दिवसाची वेळ घ्यावी, आणि एक्स-रे काढायचा असेल तर रिकामा पेनड्राइव्ह सोबत नेऊन मूळ फाइल हट्टाने मागावी.