उल्केची चकती: दगड एक नंबर, कार्ड गंडलेलं
सहारात सापडलेल्या एनडब्ल्यूए ८६९ या उल्केची छोटी चकती ऑनलाइन मागवली. चुंबक नेला की टक्कन चिकटतो, उन्हात तिरकी धरली की धातूचे ठिपके चमकतात आणि वेगवेगळ्या रंगाचे खडे एकमेकांत रुतलेत, म्हणजे टकरींत चुरा होऊन परत घट्ट बसलेला माल. हा दगड एल कॉन्ड्राइट, म्हणजे कमी लोखंडाच्या दगडी उल्कांपैकी; त्यांचा मूळ लघुग्रह ४७ कोटी वर्षांपूर्वी फुटला, त्या उष्णतेत दगडातला आरगॉन वायू उडाला आणि नंतर नव्याने किती साठला त्यावरून कळतं म्हणे, भारीच ना! पण विक्रेत्याने कार्डावर ‘अंतराळातलं पाणी’ काय छापलंय? पाणी हवं तर १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियात पडलेला मर्चिसन हा उल्केचा दगड घ्या, त्याच्या मातकट खनिजांत असतं. माझ्या चकतीवरचा तांबूस गंज पृथ्वीवरचाच. डबीत सिलिका जेलची पुडीसुद्धा नव्हती, एक स्टार कापला.