निफ्ट की आयटीआय? डिझायनर व्हायचं म्हणणाऱ्या मुलीसाठी आणि तिच्या आईसाठी

माझी भाची उदगीरला बारावीत आहे. दिवाळीत आली तेव्हा वहीभर काढलेले ड्रेस दाखवत म्हणाली, "मावशी, मला फॅशन डिझायनर व्हायचंय." बहिणीचं लगेच सुरू झालं, "लेकरू म्हणतंय खरं, पण शिवणकाम तर आपल्या गल्लीतही शिकता येतं की. त्याला मुंबई कशाला?" लातूरला माझं ब्लाऊज-ड्रेसचं दुकान २२ वर्षं चालू आहे आणि हाच प्रश्न दर लग्नसराईत कुणाची तरी आई माप देता देता विचारते. म्हणून दोन्ही वाटा शेजारी ठेवून लिहिते.

पहिली वाट निफ्टची, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजीची. १९८६ साली सुरू झालेली ही केंद्राच्या वस्त्रोद्योग मंत्रालयाची संस्था. महाराष्ट्रात ती नवी मुंबईत खारघरला आहे. बी.डेस., म्हणजे डिझाइनची पदवी, चार वर्षांची, आणि बारावी कुठल्याही शाखेची चालते. प्रवेश परीक्षेत चित्र-कल्पनेच्या पेपरला ५० टक्के वजन, सामान्य क्षमतेच्या पेपरला ३० टक्के आणि त्यातून निवडलेल्यांसाठी सिच्युएशन टेस्ट, तिला २० टक्के. या शेवटच्या परीक्षेत साहित्य पुढ्यात ठेवतात आणि ठरलेल्या वेळात त्यातून वस्तू उभी करायला सांगतात. आपल्या मुली चित्रात कमी पडत नाहीत. कागद, तार, चिंध्या हातात घेऊन काही उभं करायचा सराव त्यांना कुणी दिलेला नसतो, तिथं त्या अडतात. पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, त्याचीही तयारी आधीपासून हवी.

खर्चाचं स्पष्टच सांगते. चार वर्षांची फी दहा लाखांच्या पुढे जाते, वर राहणं-खाणं आणि कापडचोपड वेगळं. कमी उत्पन्नाच्या घरांना फीमध्ये सवलत देणारी संस्थेची स्वतःची योजना आहे. आपल्याकडे आकडा ऐकूनच घरचे उठून जातात, योजनेपर्यंत बोलणं पोचतच नाही.

दुसरी वाट सरकारी आयटीआयची. शिवण तंत्रज्ञान किंवा फॅशन डिझाइनचा एक वर्षाचा ट्रेड, म्हणजे अभ्यासक्रम, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षं एखाद्या चांगल्या टेलर मास्टरच्या हाताखाली. फी काही हजारांत भागते. मुलगी घरून येऊन-जाऊन शिकते आणि दुसऱ्या वर्षापासून चार पैसे घरी आणते. माझ्याकडे अस्तराच्या साध्या ब्लाऊजची शिलाई ३५० रुपये आहे. आरी वर्कचं, म्हणजे आकड्याच्या सुईने भरतकाम केलेलं ब्लाऊज ३,००० च्या पुढेच जातं. हातात सफाई आली की पोट भरतं, हे मी स्वतःवरून सांगते.

पण नुसत्या पैशांवर निवड करू नका. दोन्ही ठिकाणी शिकायला मिळतं ते फार वेगळं आहे.

दुकानात शरीर शिकायला मिळतं. परवा एक बाई आल्या, त्यांचा उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर खाली. आयुष्यभर त्यांचं ब्लाऊज उजवीकडून ओघळायचं आणि त्या पिन लावून दिवस काढायच्या. मी दोन्ही मुंढे, म्हणजे बाही जोडायच्या जागा, वेगवेगळे कापले, उजव्या खांद्याची शिवण जराशी खाली घेतली आणि आतून पातळ पट्टी दिली. घालून आरशापुढे त्या दोनदा हात वर करून बघत राहिल्या. हे कुठल्या वहीत येत नाही. शेकडो मापं घेतल्यावर ते डोळ्यांना आपोआप दिसायला लागतं.

निफ्टमध्ये मिळतं ते माझ्याकडे नाही. धागा कसा वागतो त्याचं शास्त्र, वेशभूषेचा इतिहास, स्वतःची कल्पना पहिल्या रेघेपासून शेवटच्या कपड्यापर्यंत नेण्याची शिस्त, मोठ्या कंपन्यांत इंटर्नशिप आणि देशभरातले वर्गमित्र. विद्यार्थ्यांना कारागिरांच्या गावीही पाठवतात. आणि ती गावं तर आपल्या घराजवळ आहेत! पैठणला मागावर बसलेला विणकर पदरातल्या मोराचा एकेक रंग वेगळ्या कांडीने हाताने भरतो, म्हणून अस्सल पैठणी उलटी केली तरी मागे धागे लोंबत नाहीत. संभाजीनगरचं हिमरू कापड सूत आणि रेशीम एकत्र विणून होतं. तांड्यावरच्या बंजारा आजीच्या फेटियावर, म्हणजे घागऱ्यावर, आरसे आणि कवड्या कशा बसवल्यात ते जवळून पाहा. मुंबईची मुलगी हे प्रोजेक्ट म्हणून पंधरा दिवस बघते, आपल्या मुलीने लहानपणापासून पाहिलेलं असतं. भाचीच्या वहीत मात्र मला इंटरनेटवरचे गाऊनच दिसले, याचं वाईट वाटलं.

मुली मोबाइलवर नामवंत डिझायनर सब्यसाचीचे लेहंगे दाखवतात. सब्यसाची मुखर्जी कोलकात्याच्या निफ्टमधून १९९९ मध्ये बाहेर पडले आणि तीन माणसांना घेऊन कामाला लागले. २०२१ मध्ये आदित्य बिर्ला समूहाच्या कंपनीने त्यांच्या ब्रँडचा ५१ टक्के हिस्सा ३९८ कोटींना घेतला. मधली बावीस वर्षं कुणी दाखवत नाही. दुसरे नामवंत डिझायनर मनीष मल्होत्रा, त्यांच्याकडे डिझाइनची पदवी नाही. बुटीकमध्ये काम करता करता ते शिकले, १९९० पासून चित्रपटांचे कपडे करू लागले आणि स्वतःचं लेबल काढलं २००५ मध्ये. म्हणजे पंधरा वर्षं दुसऱ्यांसाठी. आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैया जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या आणि १९८३ मध्ये 'गांधी'च्या वेशभूषेसाठी ऑस्कर घेऊन आल्या. भारतात ते पहिलंच ऑस्कर. पदवीची, बिनपदवीची आणि चित्रकलेची, तिन्ही वाटांनी माणसं पोचली. तिघांनीही हाताने काम केलं, एवढं मात्र सारखं आहे.

तिसरी एक वाट आहे आणि तिच्याबद्दल मला कळकळीने सांगायचंय. मोठ्या शहरातली खासगी संस्था, काचेची इमारत, दोन-तीन लाखांचा डिप्लोमा. औशाची एक मुलगी असा डिप्लोमा घेऊन माझ्याकडे कामाला आली. तिचे फोटो सुंदर होते, पण उरेब पट्टी, म्हणजे कापडाच्या तिरक्या धाग्यावर कापायची पट्टी, कापता येत नव्हती. गळा फिरवताना कापड चुणत होतं आणि ती रडकुंडीला आली होती. वडिलांनी सोयाबीनचे पैसे आणि वर कर्ज घालून तिला शिकवलं होतं. तिची चूक काहीच नव्हती, तिला मशीनवर पुरेसं बसवलंच नव्हतं. अशा ठिकाणी पैसे भरण्याआधी जाऊन बघा. मागच्या बॅचच्या मुली कुठे लागल्या ते त्या मुलींनाच विचारा, ऑफिसात विचारू नका.

माझं मत विचाराल तर मुलगी निफ्टला लागत असेल आणि सवलत, शैक्षणिक कर्ज मिळून खर्च झेपत असेल तर पाठवा. नसेल लागली तर आयटीआय आणि चांगला मास्टर. खासगी डिप्लोमा सगळ्यात शेवटी, तोही नीट चौकशी करून. घरची ओढ जास्त असेल, लगेच कमाई लागणार असेल तर दुसरी वाट आधी धरली तरी त्यात कमीपणा नाही.

आणि दोन्हीपैकी एकच आज निवडावं लागतं असंही नाही. निफ्टचा फॉर्म हिवाळ्यात निघतो, आयटीआयचे प्रवेश उन्हाळ्यात दहावी-बारावीचे निकाल लागल्यावर. बहिणीला मी तेच सांगितलं, आधी फॉर्म भर. भाची दर रविवारी सकाळच्या एसटीने लातूरला येते. अर्धा दिवस चिंध्या-तारांचा सराव करते आणि अर्धा दिवस मी तिला जुन्या साड्यांची उरेब पट्टी कापायला बसवते.