उजनीच्या गाळात काय लावावं: आउटबोर्ड की लाँगटेल?

उजनी धरण तुडुंब असतं तेव्हा होडीला कोणतं इंजिन लावावं हा प्रश्न पडत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात डिकसळ, कुंभारगावच्या काठाला होडीखाली दोन पुरुष पाणी असतं. कोणतंही इंजिन लावा, होडी चालते. खरी परीक्षा शिमग्यानंतर. पाणी मागे सरतं, काळ्या गाळाचा पट्टा उघडा पडतो आणि त्यापुढेही बऱ्याच लांबपर्यंत पाणी गुडघाभरच. खाली वेड्या बाभळीचे खुंट, बुडालेल्या शेतांचे बांध, फाटक्या जाळ्यांचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा धागा. ‘धरण मायनसमध्ये गेलं’ अशी बातमी येते तेव्हाही ६३.६६ टीएमसीच्या मृतसाठ्यातलं बरंच पाणी मधल्या पात्रात असतं. पण होडी लागते आणि रोहित पक्षी (फ्लेमिंगो) उतरतात ते काठाला, आणि तिथे इंजिनाचे हाल होतात.

तेव्हा पुढचं सगळं १६ ते १८ फुटी फायबर किंवा पत्र्याची होडी, दोन ते सहा माणसं आणि वर्षातला निम्मा काळ उथळ पाणी, एवढ्यापुरतं. स्पर्धक दोन: ८ एचपीच्या आसपासचं आखूड पायाचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे इंजिन, पाय आणि पंखा एकत्र असलेलं, होडीच्या मागच्या फळीला टांगायचं यंत्र; आणि ६.५-७ एचपीच्या एअर-कूल्ड पेट्रोल इंजिनाला जोडलेली लाँगटेल, म्हणजे टोकाला पंखा असलेली लांब शेपटी. पट्ट्यावर चालणारी शॉर्टटेल मडमोटर तिसरी म्हणता येईल, पण तिला सपाट बुडाची होडी आणि वीसच्या पुढचे एचपी लागतात. आपल्या होड्यांना ती शोभत नाही.

आउटबोर्डच्या बाजूने आधी बोलतो, कारण त्याचे गुण खरेच आहेत. आवाज कमी, हाताला कंप कमी, रिव्हर्स आहे, होडी जागच्या जागी वळते. फोटोवाल्यांना पक्ष्यांजवळ नेऊन हळूच थांबायचं तर आउटबोर्डइतकं सोपं काही नाही. उघड्या पाण्यात लाट उठली तर त्याचा पंखा खोल असल्यामुळे पकड सोडत नाही. लाँगटेलचा पंखा लाटेच्या पाठीवर हवा खातो आणि इंजिन ओरडतं. २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटून सहा जण गेले, ते हेच पाणी. उन्हाळ्यात दुपारनंतर इकडून तिकडे माणसं नेण्याचं काम असेल तर इंजिनाच्या आधी वाऱ्याचा आणि लाइफ जॅकेटचा विचार करा. आणि इंजिन निवडायचंच असेल तर त्या कामाला मी आउटबोर्डच म्हणेन.

वेगातही तेच पुढे. फोनच्या जीपीएसवर चार माणसांत आउटबोर्ड ताशी १२ किलोमीटर सहज दाखवतं, लाँगटेल ९-१०. पेट्रोलचं मात्र उलट: माझ्या हिशेबाने लाँगटेल मध्यम थ्रॉटलला तासाला एक-सव्वा लिटर पिते, टू-स्ट्रोक त्याच्या दुपटीला टेकतं. वर ऑइल मिसळायचं ते वेगळं.

इथवर काटा बरोबरीत. माझ्यापुरता तो ज्या गोष्टीने झुकला ती दिसायला क्षुल्लक आहे: आउटबोर्डच्या मागून पडणारी पाण्याची धार.

आउटबोर्ड थंड राहतं बाहेरच्या पाण्यावर. खालच्या पायात जाळी, वर रबरी इम्पेलर (पंपाचं पात्यांचं चाक), तिथून पाणी इंजिनात फिरतं आणि थोडं पाणी खुणेच्या भोकातून धारेने बाहेर पडतं. धार आहे म्हणजे पंप चालू, असा साधा हिशेब. उजनीचा गाळ हा हिशेब मोडतो. तो पिठासारखा बारीक असल्याने जाळीतून बिनबोभाट आत जातो आणि ते खुणेचं भोकच आधी बुजवतो. पंप ठणठणीत असतो, धार मात्र बंद. इंजिन बंद करून भोकात तार घाला, धार सुरू. दहा मिनिटांनी पुन्हा बंद. चार वेळा खोटी निघाल्यावर पाचव्या वेळी माणूस म्हणतो, असेल भोकच. आणि पाचव्या वेळी जाळीवर जलपर्णीची मुळं किंवा प्लास्टिकची पिशवी बसलेली असते. कोरडा फिरलेला इम्पेलर मिनिटाच्या आत पाती गमावतो, त्याचे तुकडे वरच्या पाणमार्गात अडकतात, आणि नुसता इम्पेलर बदलून भागत नाही, ते तुकडे शोधून काढावे लागतात. इम्पेलर बदलायचा म्हणजे खालचा पाय उतरवा, गियरचा दांडा सोडवा, जमल्यास हाउसिंगची घासलेली वाटीही बदला. काठावर चिखलात बसून हे होत नाही.

गाळाने इम्पेलर झिजतो, हे कोणीही सांगेल आणि ते परवडतंही. हंगामाला एक बदलला की झालं. त्रास आहे तो सतत मान वळवून धारेकडे बघण्याचा, आणि ती बंद झाल्यावर खरं की खोटं हे न कळण्याचा. लाँगटेलला पाणी लागतच नाही. इंजिन वर हवेत, पंखा मागे सहा फुटांवर. गाळात घुसली तर हँडल खाली दाबा, पंखा वर येतो, झाडपाला झटकला जातो, पुन्हा सोडा. सात-आठ इंच पाण्यात ती निवांत चालते. आउटबोर्डला त्याच जागी वल्ह्याने ढकलावं लागतं.

आता लाँगटेल घ्यायची ठरवलीच तर इंजिन कोणतं? इथे मला फारसा संभ्रम नाही. पॉवर वीडरला, पाण्याच्या पंपाला जे आडव्या शाफ्टचं १९६ ते २१२ सीसीचं इंजिन येतं, तेच. इंदापूर, करमाळा, बारामती कुठेही शेती अवजारांच्या दुकानात त्याचा कार्ब्युरेटर, कॉइल, पिस्टन रिंग, दोरीचा स्टार्टर मिळतो. आउटबोर्डचा गास्केट सेट मागवावा लागतो, इथे मेकॅनिक दारात असतो. स्टिकरवरच्या एचपीला भुलू नका: होंडाचं जीएक्स२०० पूर्वी साडेसहा म्हणून विकलं जायचं, आता कागदावर ३६०० आरपीएमला ५.५ एचपी लिहिलेलं असतं. इंजिन तेच, मोजायची पद्धत बदलली. डिझेल स्वस्तात चालतं, मान्य. पण ताकदीच्या मानाने वजन दीडपट-दुप्पट आणि दणके इतके, की पत्र्याच्या होडीचे वेल्ड बोलायला लागतात.

इंजिन आणि शेपटी वेगवेगळ्या ठिकाणाहून घेणार असाल तर आधी शाफ्टला व्हर्नियर लावा. या जातीची इंजिनं १९.०५ मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच, आणि २० मिलिमीटर अशा दोन शाफ्टांत येतात. डोळ्याला फरक दिसत नाही. २० च्या बोअरचं कपलिंग पाऊण इंची शाफ्टवर बसतंही, ग्रब स्क्रूने आवळलंही जातं. मग आठवड्याभरात शाफ्ट आणि कपलिंगमधली चावी खाल्ली जाते आणि खाच रुंदावते. तिथून पुढे इंजिन भंगारात.

शेपटीची लांबी नुसत्या उथळपणावर ठरवू नका, ती इंजिनाच्या कलावर ठरते. इंजिनाचा शाफ्ट आणि शेपटी एका रेषेत असल्यामुळे शेपटी जितकी उतरती तितकंच इंजिन कलतं, आणि या इंजिनांना २० अंशांच्या पुढचा कल मानवत नाही. खालचं ऑइल एका बाजूला जातं, उडवणाऱ्या चमच्याला पुरत नाही. पिव्हट, म्हणजे ज्या सांध्यावर लाँगटेल वरखाली होते तो, पाण्यापासून दीड फूट वर आणि पंखा तीन-चार इंच बुडालेला धरला, तर पिव्हटपासून सहा फुटी शेपटीचा कोन साधारण १७ अंश येतो, पाच फुटीचा २१. म्हणून सहा. पाच फुटी वळायला सोयीची वाटते, पण तिच्यावर ऑइल सेन्सर मध्येच इंजिन बंद पाडतो आणि लोक कॉइलला दोष देत बसतात. त्यावर सेन्सरची वायर काढून टाकणं हा सर्रास चालणारा इलाज आहे. आधी कोन दुरुस्त करा. वायर काढायचीच असेल तर रोज सकाळी इंजिन सपाट धरून डिपस्टिक बघण्याची सवय हवी. ऑइल बसतंच जेमतेम ६०० मिली. नवं इंजिन दुकानातून कोरडं येतं हेही लक्षात ठेवा. पहिलं ऑइल २० तासांनी बदला, नंतर दर ५० तासांनी; पुस्तक १०० म्हणतं, पण पुस्तक कललेल्या इंजिनासाठी लिहिलेलं नाही.

शेपटी घेताना एकच प्रश्न विचारा: पंख्याचा रेटा कोण घेतं? पंखा होडीला पुढे ढकलतो म्हणजे शाफ्टला इंजिनाकडे ढकलतो. चांगल्या शेपटीत वरच्या टोकाला थ्रस्ट बेअरिंग असतं, ते हा रेटा पाइपात उतरवतं आणि पाइप पिव्हटमध्ये. स्वस्त शेपटीत हे बेअरिंग नसतं, रेटा थेट क्रँकशाफ्टवर जातो. पहिला हंगाम कळत नाही. दुकानात तपासायचं तर कपलिंग सोडवून शेपटी उभी धरा, पंख्याचं टोक जमिनीवर ठेवून पाइप खाली दाबा. शाफ्ट पाइपात सरकून वर आला तर ती शेपटी तिथेच ठेवून या.

बसवताना मागची फळी किमान ४० मिलिमीटर जाड हवी. कमी असेल तर आतून मरीन प्लायचा तुकडा, १० मिलिमीटरचे स्टेनलेस बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर. पिव्हटच्या प्लेटखाली जुन्या कन्व्हेयर बेल्टचा तुकडा घाला, पत्र्याच्या होडीला तर नक्की. तोल असा हवा की हात सोडला तर पंखा हळूच पाण्यात उतरावा आणि दोन बोटांनी दाबला तर वर यावा. इंजिन जड पडलं तर पिव्हट इंजिनाकडे, शेपटी जड पडली तर पंख्याकडे, एका वेळी दोन-दोन इंच. दिवसभर हँडल धरणाऱ्या खांद्याला या दोन इंचांचा अर्थ कळतो.

कपलिंग आवळण्याआधी प्लग काढा आणि शाफ्ट हाताने फिरवून बघा. एका जागी जड, एका जागी हलका लागला तर रेषा चुकली आहे. इंजिनाच्या पायाखाली पातळ पत्र्याची पॅकिंग देऊन ती आणा. कंप येतो म्हणून लोक पंखा बदलतात, चूक बहुतेक वेळा इथे असते.

पंख्याबाबत एक गंमत आहे. आउटबोर्डचा जुना पंखा लाँगटेलला बसवला तर होडी मागे जाते. ही इंजिनं शाफ्टच्या बाजूने पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतात, आउटबोर्डचे पंखे सरळ फिरण्यासाठी घडवलेले असतात. थेट जोडणीला डाव्या हाताचा पंखा लागतो. मध्ये गियरचं रिडक्शन असेल तर दिशा पुन्हा पालटते, चेनचं असेल तर नाही. मागवताना हे सांगा. मापाला साडेसहा ते सात इंची, दोन पात्यांचा पुरतो. पूर्ण भार, पूर्ण थ्रॉटल, आणि साधा टॅकोमीटर: ३४०० ते ३६०० च्या दरम्यान आला तर माप बरोबर. ३००० लाच दमला तर पंखा मोठा आहे, इंजिन तापेल. ३६०० ला झटक्यात जाऊन होडी रेंगाळत असेल तर लहान.

हँडल एकाच बाजूला ओढत असेल तर पंख्यापुढे पाइपाखाली असलेल्या उभ्या पातीला तीन-चार अंशांचा बाक द्या, थोडा-थोडा. ओढ पूर्ण जात नाही, पण हात सुन्न होणं थांबतं.

क्लच? थेट जोडणीत दोरी ओढली की पंखा फिरतोच, म्हणून शेपटी पाण्याबाहेर, आजूबाजूला कुणी नाही, मग चालू. इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणारा सेंट्रिफ्यूगल क्लच गाळात कमी वेगाला घसरतो, जळतो. एकट्या-दुकट्या मासेमारीला मी तो टाळेन. पर्यटक घेत असाल तर मात्र घ्या. वर उचललेला फिरता पंखा आणि सेल्फी काढायला उभा राहिलेला माणूस एका होडीत नको. किल-स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी मनगटाला, दोन्ही बाबतींत.

बिघडतं काय? सगळ्यात जास्त मागचा ऑइल सील, आणि त्याला मारतो तो तंगूस. जाळ्याचा तुटका धागा पंख्यामागे गुंडाळला जातो, चाकूसारखा सीलमध्ये घुसतो, पाणी आत जातं, ब्राँझचा बुश झिजतो. रोज संध्याकाळी पंखा हाताने फिरवून मागे बोट घाला. आठवड्याला नट काढून पंखा उतरवा, वॉशरमागे हिरवट धाग्याची अंगठी हमखास सापडते. दर दहा तासांनी ग्रीस मारा, स्वच्छ ग्रीस बाहेर येईपर्यंत. दुधाळ आलं तर सील गेला असं समजा. धागा आउटबोर्डलाही हेच करतो, फक्त तिथे आत गियर ऑइल आणि गियर असतात.

दुसरं, पेट्रोल. आताच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये धरणाच्या दमट हवेतलं पाणी उतरतं. पावसाळ्यात होडी उलथी टाकण्यापूर्वी टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, कार्ब्युरेटरच्या वाटीचा खालचा बोल्ट सोडून राहिलेलं काढा.

आणि पळसदेवच्या बुडालेल्या देवळाकडे जाणार असाल तर पाणी उतरताना घडीव दगड पंख्याच्या उंचीला येतात. तिथे शेपटी अर्धी उचलून, इंजिन जेमतेम वेगावर ठेवून जा, आणि होडीत एक जादा पंखा, दोन चाव्या, एक सील आणि १७ नंबरचा पाना असू द्या.