इंदूर, राजवाड्यामागचं मोमेंटोचं दुकान : पितळेची पाटी झकास, 'सत्कार पॅकेज' मात्र घेऊ नका

आमच्या सरकारी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी डिसेंबरात जुन्या शिक्षकांचा आणि शाळेचं नाव काढलेल्या मुलामुलींचा सत्कार केला, सगळं सामान राजवाड्याच्या मागच्या गल्लीतल्या एका दुकानातून घेतलं, आणि तेव्हापासून ग्रुपवर रोज कोणी ना कोणी विचारून राहिलंय की कुठून घेतलं, कसं निघालं, किती लागले. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. दुकानाचं नाव इथे देत नाहीये, कारण पुढे तक्रारीपण आहेत आणि मालक माणूस भला आहे. ज्याला हवं त्याने पर्सनलवर विचारा.

आधी जायचं कसं ते. गाडी घेऊन जाऊ नका, राजवाड्याला संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधणं म्हणजे अर्धा जीव तिथेच. ई-रिक्षा करा आणि सकाळी अकराच्या सुमारास जा, तेव्हा मालक निवांत असतो आणि नमुने काढून दाखवतो. खाली दुकान, छतापर्यंत कप आणि शिल्डं टांगलेली, वर माळ्यावर लेझर मशीन, जळक्या प्लास्टिकचा वास जिन्यापर्यंत येतो. पाच सप्टेंबरच्या आधीच्या आठवड्यात आणि शाळांच्या वार्षिकोत्सवाच्या दिवसांत तिथे पाय ठेवायला जागा नसते, त्या वेळी गेलात तर तुमच्याकडे कोणी बघणारसुद्धा नाही.

गेल्या गेल्या तो पॅकेजचं कार्ड पुढे करतो. दर माणशी शाल, श्रीफळ, मोत्यांची माळ, मोमेंटो, मानपत्र, आणि वरून फ्लेक्स, साउंड, फोटोवाला आणि अँकर. एका फोनवर सगळं, तुम्ही फक्त यादी द्या भाऊ. ऐकायला फार बरं वाटतं, कमिटीतले अर्धे जण तिथेच हो म्हणायला तयार होते, कारण सगळ्यांच्या नोकऱ्या आणि धावपळ. पण माझं म्हणणं पहिल्यापासून हेच होतं आणि आता तर पक्कं झालंय की सामान दुकानातून घ्यावं, सत्कार दुकानातून घेऊ नये. आम्ही निम्मं पॅकेज घेतलं आणि निम्मं आमचं आम्ही केलं, त्यामुळे दोन्हीची तुलना समोरासमोर झाली.

मोमेंटो. सगळ्यात जास्त खपतो तो ॲक्रेलिकचा, वर रंगीत प्रिंट, शंभर फूट लांबूनही चमकतो. फोटोत छान दिसतो आणि दोन वर्षांनी कोपरे उडतात, कपड्याने पुसून पुसून त्यावर ओरखडे येतात. दुसरा एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या बारीक तंतूंचा दाबलेला बोर्ड, हलका आणि स्वस्त, पण भिंतीला ओल असेल तर पावसाळ्यात कडा फुगतात. क्रिस्टल म्हणतात ती काचच असते, आत लेझरने फोटो उठवतात, दिसतं देखणं पण सत्तरी पार केलेल्या माणसाच्या हातात स्टेजवर ते जड धूड द्यायचं म्हणजे आपलाच जीव वरखाली. आम्ही घेतली शिसमाच्या पाटीवर पितळेचा पत्रा, अक्षरं कोरून त्यात काळा रंग भरलेला. ॲक्रेलिकच्या जवळजवळ तिप्पट पैसे लागले, पण काम म्हणजे काम. अक्षरावर नख फिरवलं तर खोली लागते, कडा कुठे टोचत नाही, मागे भिंतीला लावायची कडी पितळेचीच आणि दोन स्क्रूंनी बसवलेली, चिकटवलेली नाही. फक्त एक लक्षात ठेवा, वर पारदर्शक लॅकर असतं, आपल्या घरची सवय म्हणून पितांबरीने घासायला गेलात की लॅकर निघणार आणि मग पितळ काळं पडणार. नुसत्या कोरड्या मऊ फडक्याने पुसा. हे मालकाने स्वतः होऊन सांगितलं, त्याला एक मार्क जास्त.

आता तक्रार नंबर एक, आणि इंदुरात मराठी आडनावं छापून घेणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावंच. ऑपरेटर हिंदीवाला आहे, कामाला वाघ, पण काळेंचं काले करतो आणि गोळेंचं गोले. आम्ही यादी व्हॉट्सॲपवर मराठीत टाइप करून पाठवली होती, पण मशीनवाले अजून कृतिदेव या जुन्या हिंदी फॉन्टवर आहेत, तो मजकूर कन्व्हर्टरमधून जातो आणि तिथे कऱ्हाडेंच्या नावातला ऱ्ह मोडतो. पहिला प्रूफ आला तेव्हा निम्मी आडनावं दुसऱ्याच घराण्यातली झाली होती. चूक दाखवली की लगेच दुरुस्त करतो, तोंड वाकडं करत नाही, पण दाखवावी लागते. आणि मोबाइलवर प्रूफ बघून ओके करू नका, जाऊन बसा, कागदावर काढून घ्या, ज्याचं नाव त्याच्याच घरच्या माणसाकडून वाचून घ्या. निवृत्त बाई चाळीस वर्षं मुलांचं शुद्धलेखन तपासत आल्या, त्यांच्याच पाटीवर त्यांचं आडनाव चुकलेलं असलं तर काय अर्थ राहिला. पितळेवर कोरल्यावर खोडरबर चालत नाही हो.

शाळेच्या नावाचापण घोळ झाला, पण त्यात दुकानाचा दोष नाही. आमची शाळा एके काळी नुसतं शासकीय हायस्कूल, मग बहुउद्देशीय उच्चतर माध्यमिक, मग सीएम राइज आणि २०२५ पासून सांदीपनी. जुन्या अकरावी बोर्डाची बॅच म्हणे आमच्या वेळचंच नाव हवं, आत्ताचे प्राचार्य म्हणे सरकारी नाव हवं. शेवटी असं ठरलं की जो ज्या काळात शिकला किंवा शिकवून गेला, त्याच्या पाटीवर त्या काळचं नाव. ऑपरेटरने कपाळाला हात लावला, कारण त्याला एकच साचा सगळ्यांना लावायचा होता, तरी त्याने जादा पैसे न घेता चार वेगळे साचे केले. हे कौतुकाने लिहितेय.

मानपत्र मात्र दुकानातलं अजिबात घेऊ नका. त्यांच्याकडे तयार मजकूर आहे, आपल्या अमूल्य योगदानाबद्दल, आपल्या तेजस्वी व्यक्तिमत्त्वाबद्दल वगैरे, फक्त नाव बदलतं. डॉक्टरला तेच, पीटीच्या सरांना तेच, बँक मॅनेजरला तेच. आम्ही ते बाजूला ठेवलं आणि प्रत्येक शिक्षकाबद्दल त्यांच्याच वर्गातल्या दोघातिघांना लिहायला बसवलं, अट एकच, एकही विशेषण नाही, फक्त केलेलं काम. गणिताच्या बाईंच्या मानपत्रात आलं की त्या फळ्याची डावी बाजू तास संपेपर्यंत पुसत नसत, सूत्र तिथे राहायचं, मागच्या बाकावरच्याला कधीही मान वर करून बघता यायचं. पीटीच्या सरांच्यात आलं की खो-खोच्या मुलींना मॅचनंतर घरापर्यंत सोडायला ते स्वतः सायकल हातात धरून चालत जात. प्रयोगशाळेतल्या भृत्यांचंही, म्हणजे शिपायांचंही, मानपत्र केलं, ते यादीत नव्हते, अकरावी बोर्डवाल्यांनी हट्टाने घातले, आणि टाळ्या सगळ्यात जास्त त्यांनाच पडल्या.

चित्रकलेच्या सरांचं मानपत्र लिहिताना मला देवळालीकर मास्तरांची आठवण झाली. दत्तात्रय दामोदर देवळालीकर, १९२७ मध्ये इंदुरात चित्रकलेची शाळा सुरू झाली ती त्यांच्यामुळे. त्यांच्या हाताखालून चित्रकार ना. श्री. बेंद्रे गेले, एम. एफ. हुसेन गेले, डी. जे. जोशी गेले, विष्णू चिंचाळकर गेले. हुसेनना १९९१ मध्ये आणि बेंद्रेंना १९९२ मध्ये पद्मविभूषण मिळालं, म्हणजे एका मास्तराच्या वर्गातले दोन जण लागोपाठच्या वर्षी. बेंद्रे तर स्वतः मास्तर झाले, १९५० मध्ये बडोद्याच्या फाइन आर्ट्सला शिकवायला गेले. आता छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत उभं राहून कोणालाही विचारा, हुसेनचं नाव दहातले दहा जण सांगतील, मास्तरांचं एखादाच. आणि सरकारी कागदोपत्री तर ते देवलालीकरच झालेत, ळ तिथेही गेला. म्हणून आमच्या सरांच्या मानपत्रात आम्ही त्यांच्या विद्यार्थ्यांची यादी घातलीच नाही, ते काय शिकवायचे तेवढंच घातलं, की आधी झाड बघा, मग कागद बघा, रंग सगळ्यात शेवटी. सर ते वाचून म्हणाले, हे मी बोललो होतो होय रे. मजकूर आमचा आणि छपाई दुकानाची, हे मात्र जमलं, कागद जाड हातकागदासारखा, शाई पसरत नाही, फ्रेमची काच नीट बसवलेली.

शाल. पॅकेजमधली शाल म्हणजे ती पॉलिएस्टरची, चकचकीत काठाची, जी प्रत्येक निवृत्त शिक्षकाच्या कपाटात दहाबारा तरी असते आणि शेवटी इस्त्रीच्या टेबलावर अंथरली जाते. आम्ही ती कापून घेतली पॅकेजमधून, आणि महेश्वरहून सुती-रेशमी उपरणी आणि ओढण्या मागवल्या. शंभर किलोमीटरच्या आत महेश्वर असताना, अहिल्याबाईंच्या काळापासून तिथे माग चालत असताना, आपण सत्काराला पॉलिएस्टर का घालतो हे मला खरंच कळत नाही. हिशेब केला तर शाल आणि माळ मिळून जेवढं लागत होतं त्यात थोडीच भर पडली. दुकानदार थोडा नाराज झाला, पण रेट कमी केला, त्याबद्दल धन्यवाद.

अँकर. याचे पैसे आम्ही दिले आणि ते सरळ वाया गेले. पोरगा चांगला होता, आवाज चांगला, पण त्याला सगळे कार्यक्रम एकच, लग्नाचं संगीत काय आणि शाळेचा सत्कार काय. प्रत्येक नावाआधी एक शेर, मग जोरदार तालियाँ, मग संगीताचा ठणका. ज्यांचं मानपत्र वाचायचं होतं त्यांना त्याने दोन ओळींत गुंडाळलं आणि प्रमुख पाहुणे म्हणून आलेल्यांच्या पदव्या मात्र तीनदा वाचल्या. तिसऱ्या नावानंतर आमच्या बॅचच्या एकीने माइक घेतला आणि पुढचं सगळं तिनेच केलं, साधं मराठी-हिंदी मिसळून, जसं आपण शाळेच्या पटांगणात बोलायचो तसं, आणि मग कुठे लोक ऐकायला लागले. अँकरने बसून पोहे-जलेबी खाल्ली, वरून टाकायचा जीरावण मसाला दोनदा मागून घेतला.

पण या दुकानाने एक काम असं केलं की त्यासाठी मी परत जाईन. शाळेच्या व्हरांड्यात गुणवत्ता यादीचा लाकडी फलक आहे, पहिल्या येणाऱ्यांची नावं त्यावर, मध्ये कित्येक वर्षं कोणी लिहिलेलीच नव्हती. फ्लेक्सवर छापून खिळे ठोकून देतो म्हणाले, आम्ही नको म्हटलं. मग मालकाने त्यांचा जुना पेंटर पाठवला, आता फार काम नसतं त्याला, सगळे फ्लेक्सवर गेलेत. त्या माणसाने फलकावर खडूचा दोरा ताणून झटकला की सरळ पांढरी रेघ, मग एका काठीवर मनगट टेकवून एनॅमलने नावं लिहायला घेतली, डब्यात तारपीन मोजून थेंबाथेंबाने. काळे लिहिताना ब्रश जरा थांबला, ळ चं पोट आधी भरलं मग दांडी ओढली, आणि स्वतःच म्हणाला, मराठी स्कूल है ना, यहाँ ल नहीं चलता. त्याने रामबाग, राजेंद्रनगर अशा मराठी वस्त्यांतल्या कितीतरी पाट्या रंगवल्या आहेत म्हणे. जुन्या नावांना त्याने हात लावला नाही, फक्त स्वच्छ केली, नवी नावं त्याच वळणात खाली जोडली, त्यामुळे कुठून नवं सुरू झालं ते शोधावं लागतं.

तर माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. पितळ आणि पेंटर पाच, मानपत्राची छपाई चार, प्रूफ दोन, अँकर शून्य. पक्कं बिल मागा, मागितलं की देतात, नाही मागितलं तर साध्या चिठ्ठीवर काम होतं. निम्मा ॲडव्हान्स घेतात, उरलेले सामान बघून. पितळेच्या कामाला किमान तीन आठवडे धरा, आणि पेंटर हवा असेल तर मालकाला स्पष्ट सांगा की फ्लेक्स नको, नाहीतर तो आधी फ्लेक्सच दाखवणार. पेंटर उन्हाळ्यात गावी जातो, मेमध्ये सत्कार ठेवणाऱ्यांनी आधीच बोलून ठेवा.