तीस हजारांची ड्युटी, चार हजारांचा कागद

पावतीवरचं गणित बरोबर होतं, रुपयाचाही फरक नव्हता. म्हणूनच हा प्रकार तपशिलात लिहितोय. परदेशातून सायकलचे पार्ट मागवताना कस्टम ड्युटीचा रेट आधी बघून ठेवा, हा सल्ला सगळेच देतात. मी रेट बघितला होता, कॅल्क्युलेटर घेऊन आकडेमोडही केली होती. तरी एका माणसाने माझ्याकडून ड्युटीच्या नावाखाली २६,७०० रुपये जास्तीचे काढले, वर डिमरेज, म्हणजे अडकलेल्या मालाचं भाडं, म्हणून आणखी ४,५०० घेतले, आणि माझं नाव सरकारदरबारी खोट्या कागदावर चढवून ठेवलं.

आम्ही नाशिककर. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत पूर्ण केली तेव्हापासून इथे सायकलचं वेड चांगलंच वाढलं. वेड वाढलं की पार्ट लागतात, आणि पार्ट लागले की मधले लोक उगवतात. पूर्वी बरेच जण चेन रिॲक्शन सायकल्स या उत्तर आयर्लंडच्या दुकानातून थेट मागवायचे. ते २०१६ मध्ये विगल या दुसऱ्या ऑनलाइन सायकल दुकानाबरोबर एकत्र झालं आणि २०२३ च्या ऑक्टोबरात पैशांअभावी तो सगळाच कारभार प्रशासकांच्या ताब्यात गेला. त्यानंतर आमच्या राइडच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'मी आणून देतो सर' म्हणणाऱ्यांची संख्या वाढली.

त्यातलाच हा एक, ठाण्याचा. नाव देत नाही. बोलायला गोड, सायकलमधलं ज्ञान खरंच चांगलं. माझ्या जुन्या सायकलला शिमानो १०५ चा ११ स्पीडचा गिअर सेट. डावा शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचा खटका, गेला, उजवा जायच्या बेतात. कंपनी तोवर १२ स्पीडवर गेलेली, नाशिकच्या दुकानांत जुना माल मिळेना. जर्मनीतल्या एका दुकानात दोन्ही शिफ्टर, दोन्ही डिरेलर, कॅसेट आणि ब्रेक कॅलिपर मिळून ४०० युरोला दिसत होते, म्हणजे ३६,००० रुपये. पण ते दुकान भारतात पाठवत नव्हतं.

"लिंक टाका सर, बाकी माझ्यावर सोडा," तो म्हणाला. "जर्मनीत आपला माणूस आहे. तो तिथे उचलेल आणि कुरिअर करेल. शिपिंग चार हजार, माझं कमिशन दीड हजार. ड्युटी ॲक्च्युअल. ड्युटीत मी एक रुपया खात नाही."

'ड्युटी ॲक्च्युअल' हे शब्द लक्षात ठेवा. ग्रुपवरच्या प्रत्येक ऑर्डरखाली तो हेच लिहायचा.

मग आधारची कॉपी मागितली. यात संशय घ्यावा असं काही नव्हतं, कारण कुरिअरने येणाऱ्या पार्सलला केवायसी लागतंच. पार्सल ठाण्याच्या पत्त्यावर मागवू, तिकडे डिलिव्हरी पटकन होते, तिथून मी नाशिकला पाठवतो, असंही म्हणाला. ह्या दोन गोष्टींवरच त्याचा सगळा धंदा उभा आहे. नाव तुमचं, पत्ता त्याचा.

आता गणित. कुणी आपल्या वापरासाठी पोस्टाने किंवा विमानाने काही मागवलं की सीमाशुल्काच्या तक्त्यात त्यासाठी ९८०४ हे स्वतंत्र शीर्षक आहे. तेव्हा त्यावर मूळ सीमाशुल्क ३५ टक्के होतं. त्या शुल्काच्या १० टक्के समाजकल्याण अधिभार, आणि मालाची किंमत अधिक ही दोन्ही शुल्कं यांच्या बेरजेवर २८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आयातीवरचा जीएसटी. शुल्क नुसत्या मालावर बसत नाही, वाहतूक आणि विमाही त्यात धरतात. माझ्या बाबतीत ३६,००० अधिक ४,००० म्हणजे ४०,००० रुपये. मूळ शुल्क १४,०००, अधिभार १,४००, झाले ५५,४००. त्यावर आयजीएसटी १५,५१२. एकूण ड्युटी ३०,९१२. टक्क्यांत ७७.२८. हा आकडा परदेशातून काहीही मागवणाऱ्या प्रत्येकाला त्या काळात पाठ होता.

त्याने पाठवलेल्या पावतीवर हेच आकडे होते. वर सिंहमुद्रा, खाली शिक्का, मधे रकाने. मी ताळा केला, जुळला, पैसे यूपीआयने पाठवले. त्याच्याच खात्यावर, कारण "तिथे उभ्या उभ्या भरावे लागतात सर, मी भरून टाकले".

मग निरोप आला की पार्सल सहारला, मुंबई विमानतळावर, अडकलंय, अधिकारी सुट्टीवर आहे, रोजचं डिमरेज चढतंय. ४,५०० पाठवले. काही दिवसांनी रोड पार्सलने खोका घरी आला. माल अस्सल, सीलबंद, ठरल्याप्रमाणे सगळा. हे मुद्दाम सांगतो, कारण 'माल तर मिळाला ना' इथेच बहुतेकांचा विषय संपतो. माझाही संपला असता.

ठाण्याहून त्याने नव्या खोक्यात भरून पाठवलं होतं. पण आतला मूळ खोका टाकायचा आळस केला. बबल रॅपच्या आत विमान कुरिअरचं जुनं लेबल तसंच होतं. त्यावरचा नंबर आणि त्याने मला दिलेल्या पावतीवरचा नंबर वेगळे. लेबलवरचा नंबर कुरिअरच्या साइटवर टाकला तर पार्सल मुंबईत उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी कस्टममधून सुटलेलं. डिमरेज चढायला ते अडकलंच नव्हतं.

कुरिअर कंपनीला फोन केला. पार्सल माझ्या नावावर होतं, त्यामुळे ओळख पटवल्यावर त्यांनी कागद ईमेल केले. त्यात बिल ऑफ एंट्री होतं. परदेशी माल सोडवताना काय आणलं, किती किमतीचं, किती शुल्क भरलं हे ज्यावर नोंदतात तो हा दस्तऐवज. कुरिअरच्या मालासाठी त्याचा वेगळा नमुना असतो. माझ्या कागदावर मालाचं वर्णन 'सायकलचे वापरलेले सुटे भाग', किंमत ५० युरो. वाहतूक-विमा धरून मूल्य ५,४५० रुपये. भरलेली ड्युटी ४,२१२ रुपये.

टक्केवारी काढून बघा, ७७.२८ च येते. रेटमध्ये त्याने कधीच गडबड केली नाही. गडबड किमतीत होती. माझ्याकडून ४०० युरोवर वसूल करायचं, सरकारला ५० युरोवर भरायचं, मधलं खिशात. ग्रुपवर कुणीही रेट तपासला तरी तो बरोबरच निघणार. हुशारी मानली पाहिजे.

मावसभाऊ न्हावा-शेव्याला एका सीएचएकडे, म्हणजे कस्टम ब्रोकरकडे, कामाला आहे. त्याला कागद पाठवले. मला वाटत होतं की फार तर पैसे गेले. तो म्हणाला, "अरे दादा, पैसे जाऊ दे. इम्पोर्टरच्या रकान्यात नाव कोणाचं आहे ते वाच."

नाव माझं होतं. कस्टम्स ॲक्ट १९६२ च्या कलम १११ नुसार चुकीची किंमत किंवा वर्णन लिहून आणलेला माल जप्तीला पात्र होतो, आणि कलम ११२ मध्ये दंड आहे. एजंटचं नाव त्या कागदावर कुठेच नाही. चौकशी झाली तर पहिला प्रश्न मला. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात, इथे बायजीने आयजीचं आधार कार्डही नेलं होतं.

भावाने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. कुरिअरला विचारायला लावलं की माझ्या केवायसीवर दुसरं काही आलंय का. आलं होतं. कार्बनचा व्हीलसेट, म्हणजे चाकांची जोडी, घोषित किंमत ८० युरो, पत्ता ठाण्याचाच. मी तो कधी मागवला नाही, बघितलाही नाही. धंद्यासाठी आयात करायची तर आयईसी कोड, म्हणजे सरकारी आयात-निर्यात क्रमांक, लागतो, तो स्वतःच्या वापराच्या मालाला लागत नाही. म्हणून हे गृहस्थ धंद्याचा माल ग्रुपमधल्या लोकांच्या आधारवर 'स्वतःच्या वापराचा' म्हणून आणत होते.

मी त्याला फोन केला. आधी "कुरिअरवाल्यांची चूक", मग "सर, सगळेच असं करतात, नाहीतर परवडेल कोणाला?" शेवटी, "दहा हजार परत करतो, ग्रुपवर काही टाकू नका." मी म्हणालो, सगळेच कमी किंमत दाखवत असतील, पण मग तो फायदा मला का नाही? त्यावर हसला. ग्रुपवर कागद टाकले. दोघांनी खाजगीत सांगितलं की त्यांचंही तसंच झालंय. एका ज्येष्ठ रायडरने मात्र मला समजावलं की सायकलिंगचं वातावरण खराब करू नका. हे वाक्य ऐकून मला एजंटपेक्षा जास्त राग आला.

सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार केली. १९३० हा क्रमांक पैसे गेल्या गेल्या लावला तर रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येते. माझ्या प्रकरणात बरेच दिवस उलटून गेले होते. कुरिअर कंपनीला लेखी कळवून माझं जुनं केवायसी बंद करून घेतलं. कुरिअर टर्मिनलच्या कस्टम कार्यालयाला सगळे कागद जोडून अर्ज दिला.

अर्ज दिल्यानंतर एक फोन आला. "कस्टममधून बोलतोय, तुमच्या नावावर अंडरव्हॅल्युएशनची केस आहे, अमुक खात्यावर भरा, इथेच मिटवतो." आवाज दमदार, माझ्या दोन्ही पार्सलची माहिती तोंडपाठ. ती माहिती कुणाकडे होती ते वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०१९ पासून कस्टमच्या पत्रांवर आणि समन्सवर डीआयएन नावाचा क्रमांक असतो, आणि तो सीबीआयसी या कस्टमच्या केंद्रीय मंडळाच्या साइटवर तपासता येतो. शिवाय ड्युटी कुणाच्या खाजगी खात्यावर भरायला कस्टम कधीच सांगत नाही. मी म्हणालो, "डीआयएन द्या, तपासून बोलतो." फोन कट. तो नंबर संचार साथी या सरकारी पोर्टलवरच्या 'चक्षू'वर, जिथे संशयास्पद फोन कळवता येतात, टाकला.

आता जे अजून कुणाकडून तरी मागवणार आहेत त्यांच्यासाठी. एजंटची पावती बघूच नका, कितीही नक्षीदार असो. माल सुटल्यावर तुमच्या नावाचं बिल ऑफ एंट्री मागा आणि त्यात टक्केवारीच्या आधी किंमत वाचा. दुकानाच्या बिलाशी ती जुळली पाहिजे. केवायसी एजंटला व्हॉट्सॲपवर देण्यापेक्षा कुरिअर कंपनीच्या लिंकवर स्वतः भरा, पत्ता आणि मोबाइल स्वतःचा द्या. ड्युटी थेट कुरिअरला भरता येते. ते आपले आगाऊ भरणाशुल्क लावतात आणि त्या सेवाशुल्कावर जीएसटी असतो. कुणी अख्ख्या ड्युटीवर पुन्हा १८ टक्के जीएसटी लावून दाखवला तर तिथेच थांबा.

'गिफ्ट म्हणून पाठवतो, ड्युटी लागणार नाही' हेही ऐकाल. पाच हजारांपर्यंतच्या भेटवस्तूंची ती सवलत १२ डिसेंबर २०१९ ला बंद झाली. राख्या आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली आहेत. डिरेलर दोन्हींत बसत नाही.

दरही बदललेत. ३५ टक्क्यांचं मूळ शुल्क मधल्या काळात २० वर आलं, आणि २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात ते १० वर आणायची घोषणा झाली. आयजीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ झाला. म्हणजे आज कुणी ७७.२८ टक्क्यांची पावती पुढे केली तर ती जुन्या साच्यातून काढलेली आहे. त्याच दिवशी सायकल आणि तिच्या पार्टवरचा जीएसटी १२ वरून ५ झाला, ती बातमी दाखवून 'आता पाचच टक्के' म्हणणारेही भेटतील. तो दर ८७१४ या शीर्षकाखाली येणाऱ्या पार्टचा आहे. घरी मागवलेलं पार्सल ९८०४ खाली धरलं जातं तेव्हा त्याचा हिशेब निराळा.

तो माणूस आमच्या ग्रुपमधून गेला. दुसऱ्या एका ग्रुपवर त्याचा मेसेज फिरतोय, 'ड्युटी ॲक्च्युअल' सकट. त्याने दहा हजार दिले नाहीत, मी परत मागितलेही नाहीत, कारण घेतले असते तर व्यवहार मिटला असं त्याने लिहून घेतलं असतं. माझ्या अर्जाची कस्टमकडून पोच आली आहे, पुढचं काही अजून नाही. व्हीलसेटचं बिल ऑफ एंट्री माझ्या फाइलमध्ये आहे. व्हीलसेट कोणाच्या सायकलला लागला ते त्या भागातल्या कुणाला माहीत असेल तर मला कळवा.