क्लाउनफिश, ॲनिमोन आणि खारं पाणी : वर्षभराच्या वापरानंतर

तीन फुटी टाकी, खाली सम्प (फिल्टरची दुसरी टाकी), मिळून साधारण 200 लिटर पाणी. ठाण्यातला फ्लॅट, हॉल पश्चिमेला. आत ऑसेलॅरिस जातीच्या क्लाउनफिशची जोडी, एक बबल टिप ॲनिमोन (खडकाला चिकटून फुलासारखा पसरणारा समुद्री प्राणी) आणि काच साफ करणाऱ्या गोगलगायी, बस. टाकी सुरू होऊन वर्ष उलटलं. गप्पी-एंजल पाळलेत, आता खाऱ्या पाण्यात उतरावं असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी लिहितोय. निकाल आधीच सांगून टाकतो: क्लाउन सोपे आहेत. खर्च, वीज, डोकेदुखी सगळं ॲनिमोनच्या खात्यात जातं.

सुरुवात पाण्यापासून. मरीन सॉल्ट लिटरला साधारण 35 ते 38 ग्रॅम पडतं, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायचं उपकरण) 35 पीपीटी (हजार भागांत 35), म्हणजे घनता 1.026 च्या आसपास आणायचं. पण मीठ कुठल्या पाण्यात घालताय ते जास्त महत्त्वाचं. आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात टँकर येतो, त्यामुळे नळाचं पाणी बादच. स्वयंपाकघरातला प्युरिफायरही चालत नाही, तो चवीसाठी क्षार ठेवतो किंवा वरून घालतो. उरलेसुरले क्षारही काढणारं डीआय रेझिन लावलेला वेगळा आरओ फिल्टर घेतला, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) शून्य येतो. वाया जाणाऱ्या पाण्यावर घरातली फरशी पुसली जाते, म्हणून घरच्यांची तक्रार नाही. 'समुद्र एवढा जवळ, तिथून कॅन भरून आण की,' असं प्रत्येक पाहुणा सांगतो. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या पाण्यात सांडपाणी किती येतं ते नाकाला कळतंच, शिवाय पावसाळ्यात तिथला खारेपणाही उतरतो.

आता उष्णता. आपल्याकडे खरी लढाई हीच आहे, आणि परदेशी व्हिडिओंत यावर चकार शब्द नसतो. तिकडे हीटर घ्यायला सांगतात. माझा हीटर डिसेंबरात चार-दोन रात्री लागला असेल. पाणी 25-26 अंशांवर हवं. एप्रिलमध्ये खोलीच 33 असते, त्यात पंप आणि लाइटची गरमी. टाकीवर छोटे पंखे लावले तर काम होतं, कारण एक लिटर पाण्याची वाफ होताना 200 लिटर पाणी जवळपास तीन अंश थंड होईल इतकी उष्णता निघून जाते. पण जूनमध्ये हवा दमट झाली की वाफच होत नाही, पंखा नुसता फिरत राहतो. शेवटी पाणी थंड करणाऱ्या चिलरला तीसेक हजार घातले. फक्त क्लाउन असते तर 28-29 अंशांवर त्यांनी कुरकूर न करता दिवस काढले असते.

पंखे लावले की दुसरं काम वाढतं. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. रोज तीन लिटर गेले आणि तीन दिवस लक्ष दिलं नाही तर 35 चं 36.6 होतं. भर घालायची ती गोड्या आरओ पाण्याचीच. यासाठी पाणी कमी झालं की आपोआप भर घालणारा ऑटो टॉप-अप घ्या. सगळ्या सामानात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची वस्तू हीच.

खडकाबद्दल थोडक्यात. कोरडा कृत्रिम रॉकच घ्या. कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. 'समुद्रातला अस्सल लाइव्ह रॉक आहे' म्हणून कुणी प्रवाळाचे तुकडे गळ्यात मारत असेल तर हात जोडा. कोरड्या रॉकवर सायकल व्हायला, म्हणजे घाणीतला अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला, महिना-दीड महिना जातो. अमोनिया आणि नायट्राइट शून्य दिसेपर्यंत मासा नको. मग तपकिरी थर चढेल, नंतर हिरवं शेवाळ. दोन्ही येऊन जातात.

क्लाउन टँक-ब्रेड, म्हणजे टाकीतच पैदास झालेले घ्या. आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था) त्यांच्या पैदाशीचं तंत्र केव्हाच बसवलंय, त्यामुळे समुद्रातून पकडलेले घेण्याचं कारण उरलेलं नाही. माझ्यांनी पहिल्याच दिवशी पेलेट (कोरडं दाणेदार खाद्य) खाल्लं. दोन लहान पिल्लं सोडली की त्यांचं ते ठरवतात: जो वरचढ होतो त्याची मादी होते, दुसरा नर राहतो. मोठी जवळ आली की धाकटा आडवा होऊन अंगभर थरथरतो, म्हणजे 'तूच मोठी, कबूल'. हे बघण्यात माझा अर्धा रविवार जातो.

आणि ॲनिमोन. एका दुकानदाराने टाकीची ऑर्डर देतानाच सोबत पिवळाधमक ॲनिमोन देऊ केला होता. असा भडक एकसारखा पिवळा किंवा जांभळा रंग दिसला तर तो बहुधा रंगवलेला असतो. नैसर्गिक तपकिरी शैवाल आत नसलं तर तो उपाशी मरतो. मी टाकी सहा महिन्यांची होईपर्यंत थांबलो. घेताना तोंड घट्ट मिटलेलं आहे ना आणि पाय (ज्याने तो खडकाला चिकटतो तो खालचा भाग) फाटलेला नाही ना, एवढं बघितलं. आणल्यावर तो पहिला आठवडा फिरतच होता: काच, पुन्हा रॉक, मग मागची फट. वेव्हमेकरवर (टाकीत प्रवाह तयार करणारा पंप) स्पंजची जाळी नसती तर त्याचा कीस झाला असता, आणि मेलेला ॲनिमोन रात्रीत अख्खं पाणी नासवतो. एकदा पायाला अंधारी फट आणि अंगाला उजेड अशी जागा मिळाली की मात्र हलत नाही. मधूनच ओल्या मोज्यासारखा लोळागोळा होऊन पडतो, तोंडातून तपकिरी घाण टाकतो आणि दोन-चार तासांत पुन्हा फुलतो. तेव्हा घाबरून पाणी बदलायला धावू नका.

माशांनी त्याला हुंगलंही नाही, महिना-दीड महिना. यात नवल नाही: समुद्रात ऑसेलॅरिस बबल टिपमध्ये राहत नाहीत, ते ज्यांत राहतात ते यजमान ॲनिमोन दुसरे, आकाराने मोठे आणि सांभाळायला आणखी कठीण. नंतर एका सकाळी मादी आत लोळताना दिसली. आता ती पेलेट तोंडात धरून त्याच्या तोंडापाशी नेऊन टाकते. पण हे होईलच अशी खात्री धरून पैसे घालू नका. टाकीत शिकारी नसल्यामुळे क्लाउनला ॲनिमोनची गरज नसते.

विजेचं म्हणाल तर चिलरचे महिने बिलात ठळक दिसतात. लाइट गेली की इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर चालतो, तेवढं पुरतं. मिठाचे पांढरे थर वायरींवरून सरकत प्लगपर्यंत पोहोचतात, म्हणून प्रत्येक वायरीला खाली झोळ ठेवलाय आणि लाइनवर ईएलसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) बसवलाय. हे टाळू नका.

गणपतीत आठवडाभर गावी जातो तेव्हा टॉप-अपची मोठी बादली भरून ठेवतो आणि शेजारच्या काकूंना पेलेटच्या पुड्या बांधून देतो, दिवसाला एक. डबा त्यांच्या हाती देत नाही.