ट्रान्स टीनएजर मुलांसाठीचं ऑनलाइन काउन्सेलिंग, आमचा आठ महिन्यांचा अनुभव

माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. जन्माच्या वेळी मुलगी म्हणून नोंद झाली, तेराव्या वर्षापासून तो सांगत होता की मी मुलगा आहे, आणि ते नीट ऐकून घ्यायला मी दोन वर्षं लावली. हे आधीच सांगतेय कारण हा रिव्ह्यू वाचणाऱ्यांत माझ्यासारखे आईबाबा असणारच. मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून सर्व्हिसचं नाव टाकत नाहीये, पण अशी सर्व्हिस निवडताना काय बघायचं ते यातून नक्की कळेल.

आधी आम्ही दुसऱ्या एका काउन्सेलरकडे गेलो होतो. तिथे पहिल्याच भेटीत मला बाजूला घेऊन सांगितलं गेलं की ही फेज आहे, फोन काढून घ्या, जाईल आपोआप. मुलगा बाहेर बसला होता, त्याला सगळं ऐकू गेलं. नंतर दोन दिवस तो घरात कोणाशी एक शब्द बोलला नाही.

इथे पहिल्या सेशनला काउन्सेलर ताईंनी 'तुला असं कधीपासून वाटतं' हा प्रश्नच काढला नाही. झोप कशी लागते, मधल्या सुट्टीत कोणाबरोबर बसतोस, दिवसातली कुठली वेळ सगळ्यात जड जाते, असं विचारत गेल्या. मग दोघांना वेगवेगळा फॉर्म दिला, पेड्सक्यूएल म्हणतात त्याला, मुलांच्या जगण्याचा दर्जा मोजायला बऱ्याच ठिकाणी वापरतात. २३ प्रश्न, शरीर, भावना, मित्रमंडळी आणि शाळा असे चार भाग, सगळं मागच्या एका महिन्याबद्दल. मुलाने स्वतःबद्दल भरायचा आणि पालकाने मुलाबद्दल. मी शाळेच्या भागात सगळं छान लिहिलं कारण मार्क चांगले होते. त्याचा सगळ्यात वाईट स्कोअर नेमका तिथेच होता.

का, ते ताईंनी हळूहळू काढून घेतलं. त्याची पाण्याची बाटली रोज भरलेलीच परत यायची आणि मी रोज ओरडायचे, पाणी का पीत नाहीस म्हणून. तर हा सकाळी घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत बाथरूमला जातच नव्हता, मुलींच्या बाथरूममध्ये जायला नको वाटायचं आणि मुलांच्या बाथरूममध्ये जायची भीती, म्हणून पाणीच प्यायचं नाही. वर्षभर हे चालू होतं, डोकं दुखायचं ते त्यामुळेच असणार, आणि मला वाटत होतं अभ्यासाचा ताण आहे. ताईंनी त्याला विचारून शाळेला पत्र दिलं, स्टाफरूमजवळचं एकट्याने वापरायचं बाथरूम त्याला मिळालं. त्या आठवड्यात एक दिवस बाटली रिकामी आली. मी ती हातात धरून ओट्यापाशी नुसती उभी राहिले.

नावाबद्दलही त्यांनीच समजावलं. २०१८ साली अमेरिकेत १२९ ट्रान्स आणि जेंडर नॉनकन्फॉर्मिंग (म्हणजे मुलगा-मुलगी या ठरलेल्या चौकटीत न बसणाऱ्या) मुलांवर झालेला एक अभ्यास दाखवला, घर, शाळा, काम आणि मित्र यांपैकी आणखी एका ठिकाणी जरी मुलाने निवडलेलं नाव वापरलं जात असेल तरी आत्महत्येचे विचार २९ टक्क्यांनी कमी दिसले. अभ्यास लहान आहे आणि यावरून थेट कारण सिद्ध होत नाही, हेही त्यांनीच सांगितलं, ते मला आवडलं. पण नावाने हाक मारायला आपल्याला लागतं काय? बाबांना जास्त वेळ लागला, ते महिनाभर नुसतं 'बाळा' म्हणायचे, आता नावाने हाक मारतात.

आणि आपल्या भाषेत नुसतं नाव बदलून भागत नाही ना. जाते की जातो, आले की आलो, प्रत्येक वाक्यात सांगावंच लागतं तुम्ही कोण ते. माझा मुलगा घरी वर्षभर असं बोलायचा की स्वतःबद्दलचं क्रियापद गाळता येईल, 'भूक नाही', 'झोप आली', 'नको'. मला वाटायचं तुटक बोलतोय, वयच तसं आहे. ग्रुप सेशनला पहिल्यांदा दार अर्धं उघडं राहिलं होतं, त्यातून ऐकलं, 'सॉरी, मी उशिरा आलो.' इतकं सरळ, पूर्ण वाक्य मी त्याच्या तोंडून कितीतरी दिवसांनी ऐकलं.

औषधांचं म्हणाल तर कोणी घाई केली नाही आणि घाबरवलंही नाही. आयसीडी ११ मध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाच्या २०२२ पासून लागू झालेल्या आवृत्तीत, ट्रान्स असणं मानसिक आजारांच्या यादीत नाही हे आधी स्पष्ट केलं. प्युबर्टी ब्लॉकर (वयात येताना होणारे बदल थांबवून ठेवणारी औषधं) आणि हॉर्मोनबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत, देशोदेशी नियम वेगळे आहेत, आधी सविस्तर तपासणी लागते, हे सगळं मुलासमोर बोलले. बाइंडरचं, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून आत घालायच्या घट्ट कपड्याचं, मात्र लगेच घेतलं, कारण हा छातीला इलॅस्टिक बँडेज गुंडाळत होता आणि मला पत्ताच नव्हता. अशा बँडेजमुळे श्वास घेताना बरगड्यांवर दाब येतो. मापाचा बाइंडर, साधारण आठ तासांच्या वर नाही, झोपताना आणि खेळताना काढायचा, दुखलं की लगेच बंद, असं त्याला नीट बसून समजावलं. ओरडले नाहीत म्हणून त्याने ऐकलं.

आता तक्रारी. पहिली अपॉइंटमेंट मिळायला सात आठवडे लागले, ज्या घरात मूल रात्ररात्र जागं असतं तिथे हे फार होतात, आणि थांबलेल्या लोकांसाठी मधल्या काळात एखादा फोन तरी हवा. व्हिडिओ दोनदा नेमका तो रडत असताना बंद पडला. वडिलांसाठी वेगळं काहीच नाही, पालकांच्या ग्रुपमध्ये आम्ही सगळ्या आयाच.

सहा महिन्यांनी तोच फॉर्म पुन्हा भरला. शाळेचा भाग बराच सुधारलाय, मित्रांचा थोडा, झोप अजून तशीच आहे. वाईट दिवस येतात, परवाच आला होता. पण या वेळी त्याने स्वतः येऊन सांगितलं, 'आई, आज बरं नाही वाटत, बसशील का जरा?'

पाचपैकी चार स्टार, एक त्या वेटिंग लिस्टसाठी कापला. बुक करणार असाल तर एक करा, फॉर्ममध्ये नाव टाकायच्या आधी मुलाला विचारा कुठलं टाकू. मी न विचारता जुनं टाकलं, पहिल्या सेशनला स्क्रीनवर तेच आलं आणि त्याने कॅमेरा बंद केला. ताईंनी सॉरी म्हणून दोन मिनिटांत बदललं, पण त्यानंतर अर्धा तास तो काळ्या चौकोनातूनच बोलत होता.